ओलं फडकं

४ मार्च, सोमवार

पिटू,

आधी वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, मग खोडलं. जी चार वर्षं आपल्याशी बोललेली नाही तिला आशीर्वाद कुठल्या तोंडाने द्यायचे? म्हणून नुसतंच पिटू.

काल सकाळी बेकरीवर लंबू पावाचे क्रेट गाडीत चढवून झाले तरी निघेना. सव्वासहा फुटांचा माणूस, पण वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा टोपी हातात घेऊन उभा. म्हटलं, "बोल की, गाडी कुठे ठोकलीस?" तर म्हणाला, "लग्न करतोय." मी म्हटलं, "अरे वा! कोणाशी?" आणि विचारता विचारताच मला कळलं कोणाशी.

तुझ्या आईशी. तुला ते माझ्याआधी माहीत असणार. आमची फारकत होऊन बारा वर्षं झाली, आता तिने कोणाशीही लग्न करावं, मी कोण विचारणारा? आणि लंबूसारखा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. मी पंक्चर होऊन पडलो तेव्हा तुम्हा दोघींची गाडी त्यानेच ओढली. तुला शाळेत कोण सोडायचं, आईच्या घरचा नळ कोण दुरुस्त करायचं, सगळं मला माहीत आहे. मला वाईट वाटलं नाही. वाटलं, पण ते माझं मी बघून घेईन.

मग म्हणतो कसा, "तिला तो काळा केक हवाय. बिअरचा. तू करायचास तो."

मी म्हटलं, "माझ्याच बायकोच्या लग्नाचा केक मीच करू? वर बँडही वाजवू का?"

तो मान खाली घालून म्हणाला, "ती म्हणते, त्याच्या हातचं एवढं एकच चांगलं होतं, ते तरी राहू दे."

करतो म्हणालो. मग त्याने तुझा निरोप सांगितला. 'केक चालेल. पण त्यांना लग्नाला यायचं असेल तर भट्टीच्या दिवशी खरं काय झालं ते आधी आईला सांगायला सांग.' पूर्वी मला 'अरे बाबा' म्हणायचीस. आता 'त्यांना'. असो.

मला एवढंच कळत नाही, यात खरं-खोटं काय आहे? तू नऊ वर्षांची होतीस. आईचा वाढदिवस होता, ती कामावरून यायची होती. मी सांगत होतो, स्वयंपाकघरातल्या भट्टीला हात लावू नकोस, तरी तू लावलास. हात भाजला. लहान पोरं करतात असं. मी तुला कधी रागावलो का त्यावरून? उलट आई बोलायची तेव्हा मीच म्हणायचो, जाऊ दे, झालं गेलं.

लंबूचा मी पस्तीस वर्षांचा दोस्त. त्याच्या लग्नात मी नसेन तर लोक काय म्हणतील? लोकांचं मरू दे, मला कसं वाटेल? जुनं उकरून कोणाचं भलं होत नाही, पिटू. लग्न तीस तारखेला आहे. तोवर विचार कर.

बाबा


११ मार्च, सोमवार

पिटू,

उत्तर नाही. लंबूला विचारलं, पत्र दिलंस ना? म्हणाला, "दिलं. तिने उभ्या उभ्या वाचलं आणि घडी करून परत पाकिटात घातलं." फाडलं नाहीस, एवढ्यावर समाधान.

आज पहिला केक करून पाहिला. अकरा वर्षांत हात लावला नव्हता, पण हात विसरत नाहीत. काळी बिअर आधी ओतून ठेवायची, फेस बसू द्यायचा, नाहीतर पातेल्यात उतू जाते. मग त्यात लोणी वितळवायचं, कोको आणि साखर घालायची. अंडी आणि आंबट दही वेगळं फेटायचं. मग मैदा, सोडा. वरून पांढरं क्रीम, फेस आल्यासारखं.

भानगड अशी की बाटलीतली निम्मीच लागते. आणि मी घेणं सोडून आज सहा वर्षं दोन महिने झाले. हे तुला लंबूने सांगितलं असेल, नसेल तर मी सांगतो. बेकरीच्या मालकीणबाईंना म्हटलं, बाटली तुम्ही उघडा, तुम्ही मापा आणि उरलेली तुम्हीच मोरीत ओता. त्यांनी ओतली. वर दोन तांबे पाणीही टाकलं आणि तुरुंगाच्या जेलरसारख्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वास आला?" मी म्हटलं, "आला." म्हणाल्या, "मग?" मी म्हटलं, "मग काय, मैदा चाळतो." मैदा चार वेळा चाळला. एकदा चाळून भागतं.

मिश्रण चाखायचीही हिंमत झाली नाही. चमचा तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. त्यामुळे केक झाला कडूजार. मालकीणबाईंनी एक घास घेतला आणि विचारलं, "हा लग्नाला आहे की खोकल्याला?" सगळा बेकरीमागच्या कुत्र्याला घातला. त्यानेही हुंगून सोडून दिला, अन् ते कुत्रं चपला खातं!

पूर्वी चव तू बघायचीस. स्टुलावर उभी राहून, बोट बुडवून. "बाबा, अजून दोन चमचे." तुझ्या जिभेवर माझा माझ्या वजनकाट्यापेक्षा जास्त विश्वास. त्या दिवशीसुद्धा तूच म्हणालीस साखर कमी आहे, आणि खरंच कमी होती. तेवढं मला स्वच्छ आठवतंय.

त्या दिवशी उरलेली बाटली मोरीत ओतणारं कोणी नव्हतं.

हे वाक्य मी का लिहिलं कोण जाणे. बरं, साखर वाढवून परवा पुन्हा करतो.

बाबा


१७ मार्च, रविवार

पिटू,

आज बेकरीत मी मालकीणबाईंवर ओरडलो. ज्यांच्या जिवावर पोट चालतं त्यांच्यावर. झालं असं की पावाचा पत्रा भट्टीतून काढायचा होता, घाई होती, आणि त्यांनी नुकतंच धुतलेलं फडकं उचललं. मी इतक्या जोरात किंचाळलो, "ओलं नको! ओलं फडकं नको!" की बाहेरची गिऱ्हाइकं आत डोकावली. त्या म्हणाल्या, "अरे, मेलं कोण?" मी पिठाच्या पोत्यावर बसलो.

ओल्या फडक्याने गरम पत्रा धरायचा नाही. भट्टीवर काम करणाऱ्याला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट ही सांगतात. कोरडं फडकं धग अडवतं. ओल्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती फडक्यासकट कातडीला चिकटते. मी कितीतरी जणांना हे शिकवलं असेल. तुला नव्हतं शिकवलं. तुला वाटलं, पाण्याने विस्तव विझतो, म्हणजे ओलं जास्त चांगलं. नऊ वर्षांच्या पोरीने केलेला विचार तसा शहाणपणाचाच होता.

तर लिहितोच आता. पहिल्या पत्रात मी लिहिलं ते धादांत खोटं होतं. 'हात लावू नकोस' असं मी सांगितलंच नव्हतं. सांगायला जागा कुठे होतो?

केक भट्टीत ठेवला तेव्हा तीन वाजले होते. उरलेली बाटली संपवली. मग फडताळात डब्यांच्या मागे होत्या त्या दोन काढल्या. मग स्वयंपाकघरातच जमिनीवर आडवा झालो. डोक्याखाली काहीतरी घ्यायचं म्हणून भट्टीचा एक हातमोजा घेतला. जाड, कापूस भरलेला. जोडीतला दुसरा ओट्यावर होता.

तू धूर पाहिलास. मला उठवलंस. मी उठलो नाही. मग तू उजव्या हातात तो हातमोजा घातलास. डाव्या हाताचा माझ्या डोक्याखाली होता. माझं डोकं उचलून तो काढायचा प्रयत्नही केला असशील, ते मला माहीत नाही. मग तू फडकं नळाखाली धरलंस.

केकचा डबा तू टाकून दिला नाहीस, पिटू. हात जळत असताना टेबलापर्यंत नेलास आणि नीट ठेवलास, कारण तो आईचा होता आणि कारण तो करपला असता तर आईने मला धारेवर धरलं असतं. तुला माझी अब्रू वाचवायची होती. एवढीशी कार्टी आणि बापाची अब्रू!

आता पुढचं. मी जागा झालो तेव्हा तू बादलीत हात बुडवून बसली होतीस, मोठ्याने रडतही नव्हतीस. मी तुझ्याकडे पाहिलं. आणि आधी बाटल्या उचलल्या. तिन्ही. पिठाच्या डब्यात खोल खुपसल्या, वर पीठ सारखं केलं. तोंड धुतलं, खिडकी उघडली. मग तुझा हात बघितला.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. स्वतःलासुद्धा सांगताना बाटल्यांचा भाग गाळायचो. आधी तुझा हात, मग बाकीचं, असंच आठवायची सवय लावून घेतली होती.

लंबूने पावाच्या गाडीतून तुला दवाखान्यात नेलं. आई कामावरून तशीच धावत तिथे आली. मी म्हणालो, "नको नको म्हणताना भट्टी उघडलीन." घाबरलेल्या आईने तुझ्या पाठीत धपाटा घातला. हाताला बँडेज बांधत होते आणि तिने धपाटा घातला. तू माझ्याकडे पाहिलंस. मी छताकडे पाहिलं.

नंतर आपण तो केक खाल्लाही. करपलेलं खरवडून मी वर क्रीम लावलं होतं. तू उजव्या हाताने खाल्लास.

त्यानंतर पाहुणे आले की आई म्हणायची, "हट्टी आहे हो, ऐकत नाही, बघा काय करून घेतलंय." आणि तू हात फ्रॉकमागे लपवायचीस. मी तिथेच बसलेला असायचो. दोन बोटं अजून सरळ होत नाहीत ना? लंबू म्हणतो, छापखान्यात कागदाची थप्पी तू मनगटाने सरळ करतेस.

आईला सांगतो. पुढच्या रविवारी ती आणि लंबू केकची चव बघायला येणार आहेत.

बाबा


२४ मार्च, रविवार

पिटू,

सांगितलं.

दुपारी दोघं आली. बेकरी बंद होती, मालकीणबाईंनी किल्ली देऊन ठेवली होती. तुझी आई बारीक झालीय, पण छान दिसते. मी केक कापून पुढे ठेवला. चव मालकीणबाईंनी बघून दिली होती, या वेळी साखर बरोबर होती. आईने घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "हाच. अगदी हाच." मला वाटलं, हिला हा घास तरी सुखाने गिळू द्यावा. मग वाटलं, हेच तर मी चौदा वर्षं करत आलोय. कधी तिचं जेवण चाललेलं असतं, कधी तिचं डोकं दुखत असतं, कधी पाहुणे आलेले असतात. खोट्याला मुहूर्त लागत नाही, खऱ्याला मात्र बरा दिवस सापडत नाही.

म्हटलं, "मला पिटूच्या हाताबद्दल सांगायचंय." लंबू उठून बाहेर गाडीत जाऊन बसला. त्याला काय कळलं होतं देव जाणे. त्याने तुला गाडीत शेजारी बसवून नेलं होतं. तू वाटेत त्याला काही बोलली होतीस का? तो काही सांगत नाही.

सगळं सांगितलं. हातमोजा, फडकं, पिठाच्या डब्यातल्या बाटल्या. तिने चमचा बशीत ठेवला. मग विचारलं, "तिने तुला हाका मारल्या?"

मी म्हटलं, "हो."

"किती?"

"तीन."

"झोपला होतास ना तू? मग तीन कशा मोजल्यास?"

पिटू, हे मी तुलाही लिहिलं नव्हतं. मागच्या पत्रात 'मी उठलो नाही' एवढंच लिहून पुढे गेलो. मी ऐकत होतो. पहिली हाक नुसती 'बाबा' होती. दुसरी 'बाबा, केक'. तिसरी 'बाबा, ऊठ ना रे'. मला तिन्ही ऐकू आल्या. अंग जड झालं होतं आणि वाटलं, पडू दे, बघेल ती. हेच शब्द मनात आले. बघेल ती.

आईला हे सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "मी तिला मारलं होतं." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "बँडेज बांधत असताना." मी म्हटलं, "हो." मग तिने पदराने टेबलावरचे केकचे कण गोळा केले, मुठीत धरले आणि कुठे टाकावे ते न कळल्यासारखी उभी राहिली.

दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "केक कर. ठरलंय ते ठरलंय. पण तू येऊ नकोस. मला त्या दिवशी तुझं तोंड बघायचं नाही."

तर झालं असं. तुझी अट पुरी झाली आणि त्यापायीच मनाई झाली. एकीने दार उघडलं, तर दुसरीने लावलं. हसावं की रडावं कळेना, म्हणून भांडी घासली. लंबूचा रात्री फोन आला होता. "मी समजावतो तिला," म्हणाला. मी म्हटलं, "खबरदार! लग्नाआधीच भांडायला लागलास तर पुढे काय करशील?" हसला बिचारा. मग त्याने फोन ठेवला.

तुझ्यावर राग नाही. तू अट घातली नसतीस तर मी कोट घालून पुढच्या रांगेत बसलो असतो, लोकांनी केकचं कौतुक केलं असतं आणि मी मान डोलावली असती. अजून वीस वर्षं ती पाहुण्यांना सांगत राहिली असती, पोर हट्टी म्हणून.

आज संध्याकाळी ती तुझ्याकडे आली असेल. तुमचं काय बोलणं झालं ते मला सांगू नकोस. तो तुमचा दोघींचा हिशोब आहे, त्यात मी तोंड घालत नाही.

केक शनिवारी सकाळी दहा वाजता हॉलच्या मागच्या दाराने, स्वयंपाकघरात पोचवीन आणि परत फिरेन.

बाबा


३१ मार्च, रविवार

पिटू,

हे शेवटचं. पुढे लिहायचं की नाही ते तुझ्यावर.

काल पहाटे चार थर भाजले, दोन उगीच जास्तीचे, एखादा मोडला तर असावा म्हणून. मोडला नाही. विणायची सुई खुपसून बघितली, कोरडी आली. उरलेली बिअर मी स्वतः मोरीत ओतली. मालकीणबाई शेजारी उभ्या होत्या, पण त्यांनी हात मागे बांधले होते. त्यांनी मला त्यांचा भाऊ लग्नात घालतो ते जाकीटही आणलं होतं. म्हटलं, "बाई, मी मागच्या दाराने जाणारा माणूस." म्हणाल्या, "मागच्या दाराने जाणाऱ्याने गबाळं जावं असं कुठे लिहिलंय?" घातलं. बाह्या आखूड होत्या.

केकची फळी दोन्ही हातांवर घेऊन मी त्या दारापाशी उभा होतो. आतून भांड्यांचा आवाज, कोणीतरी ओरडतंय, चमचे कुठे गेले म्हणून. मला वाटलं स्वयंपाकी येईल. पायाने दार वाजवलं.

तू आलीस.

चार वर्षांत तू आईसारखी दिसायला लागलीयस आणि भुवया मात्र माझ्या, त्याबद्दल माफ कर. हात पुढे केलेस. दोन्ही. डाव्या हाताची ती दोन बोटं तशीच अर्धी मिटलेली.

आणि मी फळी देईनाच. तुला वाटलं असेल, म्हातारा नाटकं करतोय. तू फळीची कड धरलीस, मीही सोडेना, आणि मी काय म्हणालो ते तू ऐकलंस. तरी पुन्हा लिहितो, कारण तेव्हा माझा आवाज नीट निघाला नाही.

मी म्हणालो, "थांब. गार आहे का ते बघू दे."

मी खालून हात लावून बघितलं. मधोमध बघितलं, कडेने बघितलं. केक केव्हाच गार झाला होता, क्रीम लावून झालं होतं, गरम केकला क्रीम लागतच नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तरी मी बघितलं. आणि तू बघू दिलंस. 'अहो, गार आहे तो' असं म्हणाली नाहीस. उभी राहिलीस.

मग मी म्हणालो, "गार आहे. घे."

तू घेतलास आणि आत गेलीस. दार पायाने लोटलंस, पण ते पूर्ण लागलं नाही. फटीतून मला टेबलाचा कोपरा दिसत होता. तू केक ठेवलास, नीट, मधोमध. तुझी आई आली आणि तिने आधी तुझा डावा हात हातात घेतला, केककडे नंतर बघितलं.

तेवढं बघून मी निघालो. कोपऱ्यावर लंबूची पावाची गाडी उभी होती, फुलं लावलेली. टपावर पीठ सांडलेलं तसंच होतं. मी ते जाकिटाच्या बाहीने पुसलं.

बाबा